प्राण्यांचीं कुळें आणि मराठी ग्रंथकार

मराठींत वन्य प्राण्यांविषयींच्या पुस्तकांची आज वाण राहिलेली नाहीं. ताडोबाच्या जंगलांत दोन दिवस काढून परतणाऱ्या कुटुंबाच्या सामानांत एखादें सचित्र पुस्तक हटकून सांपडतें, आणि त्याच कुटुंबांतील मुलाच्या शाळेच्या पुस्तकांत प्राण्यांच्या वर्गीकरणाचा धडाहि असतो. पहिलें पुस्तक सर्वजण आवडीनें चाळतात. दुसरें मुलगा परीक्षेपुरतें पाठ करतो. सृष्टि, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाति, जाति ही उतरंड त्यास घडाघडा म्हणतां येते; परंतु काल संध्याकाळीं पाणवठ्यावर जो प्राणी पाहिला तो कोणत्या कुलांतला, व त्याच कुलांतला कां, असें विचारलें तर तो गप्प बसतो. बहुधा त्याचे वडीलहि गप्प बसतात. याचा दोष आम्ही मुलास देत नाहीं, वडिलांस देत नाहीं, आणि प्राणिशास्त्रास तर मुळींच देत नाहीं. वर्गीकरण म्हणजे प्राण्यांच्या कुळीचा इतिहास आहे. आमच्या ग्रंथकारांनीं त्याचें कोष्टक तेवढें मराठींत उतरून घेतलें व इतिहास मागें ठेवला, असें आमचें स्पष्ट मत आहे. चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील (१९८२ सालापर्यंत हा एकच जिल्हा होता) प्राणी समोर ठेवून या मताची छाननी करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

प्रथम रोही घेऊं. शहरांतील वाचक ज्यास नीलगाय म्हणतो त्यास विदर्भांतील शेतकरी रोही म्हणतो, आणि रात्रीं उभ्या पिकांत शिरणाऱ्या या जनावराविषयीं त्याचें मत फारसें चांगलें नाहीं. रोह्यांस मारण्याची परवानगी असावी कीं नसावी, हा वाद अनेक प्रांतांत झाला. २०१५ सालीं केंद्र सरकारनें बिहारांतील कांहीं जिल्ह्यांपुरतें या प्राण्यास उपद्रवी ठरविलें तेव्हां तो विशेष पेटला. अशा वेळीं एक पक्ष म्हणतो, ही गाय आहे, हिला मारूं नका. दुसरा पक्ष मोठ्या शास्त्रीय आविर्भावानें उत्तर देतो कीं, ही गाय नव्हे, हें एक हरीण आहे. गंमत ही कीं, या दोघांत पहिल्याचें अज्ञान दुसऱ्याच्या शास्त्राहून सत्याच्या अधिक जवळ आहे.

चितळ, सांबर व भेकर यांच्या नराच्या डोक्यावर जें असतें तें निखळ हाडाचें असतें. त्यास फांटे फुटतात, वाढत असतां त्यावर मखमलीसारखी कातडी असते, आणि ठराविक काळानें तें गळून पडून त्या जागीं नवें येतें. रोही, चौशिंगा, काळवीट, रानगवा, तसेंच आपल्या गोठ्यांतील गाय व बकरी यांचें शिंग निराळें: आंत हाडाचा खुंट, वर नखाच्या द्रव्याचें टोपण, तें गळत नाहीं व त्यास फांटाहि फुटत नाहीं. मराठीनें या दोन्ही वस्तूंस ‘शिंग’ हा एकच शब्द दिला, आणि त्या मिरविणाऱ्या साऱ्या सडपातळ प्राण्यांस ‘हरीण’ हा एकच शब्द दिला. घोटाळ्याचें मूळ तेथें आहे. शिंगांची ही कसोटी लावली म्हणजे चितळ व सांबर एका कुलांत जातात, आणि रोही गाईच्या कुलांत येऊन उभा राहतो. तो गाय नव्हे हें खरेंच. त्याचा सर्वांत जवळचा हयात आप्त म्हणजे ताडोबांत क्वचित् दृष्टीस पडणारा लहानखोरा चौशिंगा. तथापि चितळाशीं त्याचें जें नातें आहे त्याहून गाईशीं असलेलें नातें जवळचें आहे. इंग्रजी जाणणारे त्यास ‘अँटिलोप’ म्हणून मोकळे होतात; पण तो शब्दहि कुळीचा नव्हे. गाईच्या कुलांतून गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या वेगळ्या काढल्यावर जे उरतात त्यांच्यासाठीं ती एक सोयीची गाठोडी आहे. नांव देतांना पंडितांनीं तरी कोठें कमी गोंधळ घातला? या प्राण्याचें ‘बोसेलाफस ट्रॅगोकॅमेलस’ हें शास्त्रीय नांव फोडून पाहिलें तर त्यांत बैल, हरीण, बोकड व उंट असे चार प्राणी कोंबलेले सांपडतात. आमच्या लोकांनीं एका गाईवर भागविलें!

एवढी हकीकत सांगण्यास अर्धें पान पुरतें. परंतु प्राण्यांवरील मराठी पुस्तकांत तें अर्धें पान सहसा नसतें. उंची, वजन, गर्भकाल आणि लॅटिन नांव इतकें असतें.

यावरून आमच्याकडील जुने लोक वर्गीकरण करीत नव्हते असें कोणी समजूं नये. जन्माच्या रीतीवरून जरायुज, अंडज, स्वेदज व उद्भिज्ज असे भेद उपनिषत्काळापासून चालत आलेले आहेत. चरकानें तर मांसाचा विचार करतांना प्राण्यांचे आठ गट पाडले: प्रसह, भूमिशय, आनूप, वारिशय, वारिचर, जांगल, विष्किर आणि प्रतुद. यांपैकीं प्रसह म्हणजे झडप घालून, हिसकावून खाणारे. या एका गटांत वाघ, सिंह, अस्वल व तरस यांच्या पंक्तीस गाय, गाढव, उंट आणि कावळाहि बसलेला आहे. आजच्या विद्यार्थ्यास हें वाचून हसूं येईल. पण चरक वैद्य होता. कोणाचें मांस पचण्यास जड, कोणाचें हलकें, हें त्यास रोग्यासाठीं ठरवावयाचें होतें, आणि प्राणी कोठें राहतो व कसा खातो यावरून तें ठरतें अशी त्याची उपपत्ति होती. ज्या प्रश्नासाठीं गट पाडले त्या प्रश्नापुरता त्यांचा न्याय झाला पाहिजे. चरकास प्राणिशास्त्रज्ञ ठरवून त्याची आरती ओवाळणारे आणि त्यास अडाणी ठरवून हसणारे, हे दोघेहि त्यानें न विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर त्याच्या ग्रंथांत शोधीत असतात.

हीच गोष्ट ‘मृगपक्षिशास्त्र’ या ग्रंथाच्या बाबतींत अधिक विस्तारानें सांगणें अवश्य आहे. कारण त्याचें मराठी रूप ज्यांच्यामुळें आपल्या हातीं आलें त्या मारुती चितमपल्ली यांचें नांव विदर्भाच्या अरण्याशीं कायमचें जोडलें गेलें आहे. चितमपल्ली १९३२ सालीं सोलापुरास जन्मले, वनखात्याच्या नोकरींत त्यांचें आयुष्य महाराष्ट्राच्या जंगलांत गेलें, २००६ सालीं सोलापूर येथेंच भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, आणि जून २०२५ मध्यें त्यांचें निधन झालें. ‘काकागार’, ‘सारंगागार’ यांसारखे नवे शब्द त्यांनीं भाषेस दिले. पक्षी, प्राणी व वृक्ष यांचे कोश रचले. संस्कृत ग्रंथांपासून वनवासींच्या बोलींपर्यंत विखुरलेलीं नांवें वेंचलीं. ही कामगिरी एका माणसाच्या हातून झाली यावर पुढील पिढ्यांचा विश्वास बसणें कठीण आहे. त्यांच्याविषयीं आमच्या मनांत जो आदर आहे तो ठेवूनच पुढील दोन गोष्टी आम्ही लिहीत आहों.

‘मृगपक्षिशास्त्र’ हा तेराव्या शतकांतील हंसदेव नामक जैन पंडिताचा पद्य ग्रंथ. १९२७ सालीं त्याचें इंग्रजी भाषांतर झालें, तेव्हांपासून भारतीय प्राणिशास्त्राचा पुरावा म्हणून त्याचा गौरवानें उल्लेख होत आला आहे. त्यांत प्राण्यांचे स्वभाव, माजाचा काळ, आयुर्मर्यादा अशा कितीतरी गोष्टी मोठ्या आस्थेनें सांगितल्या आहेत, व त्यांपैकीं कांहींना प्रत्यक्ष निरीक्षणाचा वास येतो. परंतु सिंहाच्या प्रकरणापाशीं वाचकानें जरा थांबावें. हंसदेव सिंहांचे सहा प्रकार करतो: हरि, केसरी, पंचास्य, हर्यक्ष, मृगेंद्र आणि सिंह. आतां हीं सहा नांवें कोठें भेटलीं होतीं बरें? ज्यांनीं लहानपणीं अमरकोश पाठ केला असेल त्यांस तत्काळ आठवेल कीं, सिंहादिवर्गाच्या आरंभीं सिंहाचे पर्यायशब्द म्हणून हींच सहा आलेलीं आहेत. म्हणजे कोशकारानें एका प्राण्याचीं जीं सहा नांवें दिलीं, त्यांचे शास्त्रकारानें सहा प्राणी केले! प्रत्येकास निराळा वर्ण, निराळी चाल व निराळा स्वभाव वांटून दिला. शब्द वेगळा आहे त्या अर्थीं वस्तुहि वेगळी असलीच पाहिजे, या समजुतीनें रचलेलें हें वर्गीकरण रानांतून आलेलें नाहीं, कोशांतून आलेलें आहे. हंसदेवास आम्ही याबद्दल बोल लावीत नाहीं. त्याच्या काळीं कोश हेंच प्रमाण होतें. पण आजच्या मराठी प्रशंसकांनीं इतकी साधी गोष्ट वाचकांच्या नजरेस आणूं नये, हें आम्हांस खटकतें.

दुसरी गोष्ट कोशांविषयीं. कोश म्हटला कीं शेजार अक्षरावरून ठरतो. पाणकावळा हा कावळ्यापासून कुळीनें किती दूर आहे, पाणमांजर हें मांजर नसून मुंगुसासारखें दिसणाऱ्या एका निराळ्याच कुलांतलें कसें, आणि चांदी अस्वल हें अस्वलाचें भावंड नसून त्या पाणमांजराचें कसें, हें वर्णानुक्रमांतून कळण्याचा मार्ग नाहीं. चितमपल्लींनीं शब्दांचें धान्य कोठारांत आणून भरलें. तें पाखडून कुळीवार लावण्याचें काम पुढच्यांचें होतें, आणि तें अद्याप कोणी अंगावर घेतलेलें दिसत नाहीं.

लोकांचीं नांवें तेवढीं चुकतात व शास्त्र चुकत नाहीं, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. खवल्या मांजराचेंच पाहा. हा निरुपद्रवी, निशाचर प्राणी या दोन्ही जिल्ह्यांच्या जंगलांत आहे. अंगावर नखाच्या द्रव्याचे खवले, तोंडांत एकहि दांत नाहीं, लांब चिकट जिभेनें मुंग्या व वाळवी टिपतो, भय वाटलें कीं चेंडूसारखा गुंडाळून पडून राहतो. आणि खवल्यांच्या लोभानें त्याची शिकार होते, म्हणून कायद्यानें त्यास सर्वांत कडक संरक्षण दिलें आहे. यास मांजर कां म्हणावें? १७५८ सालीं लिनियसनें आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तींत त्यास चक्क हत्तीच्या गणांत बसविलें. पुढील पंडितांनीं हत्तीस तेथून हलविलें, परंतु दांत नसलेल्या अमेरिकेंतील मुंगीखाऊंच्या संगतींत खवल्या मांजर दीर्घ काळ राहिलें. मुंग्या खाणाऱ्यास दांतांची गरज उरत नाहीं, आणि दोन परक्या घराण्यांतील प्राणी एकच धंदा करूं लागले म्हणजे त्यांचे चेहरे सारखे होतात, ही गोष्ट पुढें ध्यानांत आली. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून रक्तमांसांतील आनुवंशिक द्रव्याची तुलना करतां येऊं लागली, तेव्हां असें दिसून आलें कीं खवल्या मांजराचे सर्वांत जवळचे आप्त म्हणजे मांजर, कुत्रा, अस्वल यांचा गण! लोकांनीं केवळ आकारमानावरून व चालीवरून दिलेलें नांव लिनियसच्या हत्तीपेक्षां सरस ठरलें. तें योगायोगानें ठरलें, हें उघड आहे. पण योगायोगासहि दाद द्यावी. उलट तरस पाहतांच कोणीहि त्यास कुत्र्याच्या घरचा म्हणेल, आणि तेथें डोळे पुरते फसतात. तरस कुळीनें मांजराच्या बाजूचा आहे.

डोळ्यांस याहून मोठा धक्का ताडोबाच्या तलावाच्या कांठीं बसतो. तलावांत मगरी आहेत, कांठावर बगळा उभा असतो, आणि जवळच्या झाडीतून एखादी घोरपड सरपटत जाते. यांत एकमेकांचे जवळचे कोण, असें विचारलें तर शंभरांतील नव्व्याण्णव लोक मगर व घोरपड यांची जोडी लावतील. शाळेचें पुस्तकहि त्या दोघांस ‘सरपटणारे प्राणी’ या एका वर्गांत घालीत आलें आहे. वस्तुतः मगरीचें नातें घोरपडीपेक्षां बगळ्याशीं जवळचें आहे. मगरीच्या हृदयास पक्ष्याप्रमाणें चार कप्पे असतात, ती घरटें करते व पिलांची राखण करते. आणि मगर व पक्षी ज्या एका प्राचीन शाखेचे वंशज आहेत तिच्यांतच ते प्रचंड डायनोसॉर होऊन गेले. त्यांचा पुरावा पाहण्यास परदेशीं जावें लागत नाहीं. गडचिरोलीच्या दक्षिण टोंकास सिरोंच्याजवळ कोटा नांवाचें गांव आहे. प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यांतील ज्युरासिक काळच्या एका खडकथरास भूगर्भशास्त्रांत त्या गांवाचेंच नांव पडलें आहे. या थरांत मिळालेल्या एका अजस्र डायनोसॉरचें वर्णन १९७५ सालीं प्रसिद्ध झालें, आणि रवींद्रनाथांच्या स्मरणार्थ त्याचें नांव ‘बारापासॉरस टागोराय’ असें ठेवण्यांत आलें. त्याच थरांतील एका चिमुकल्या सस्तन प्राण्यास १९८१ सालीं ‘कोटाथेरियम हाल्डेनाय’ हें नांव मिळालें. त्याची ओळख पटविण्यास संशोधकापाशीं दाताखेरीज कांहीं नव्हतें. दाताच्या माथ्यावरील उंचवट्यांची मांडणी पाहून त्याची शाखा ठरविली गेली. वर्गीकरण म्हणजे काय चीज आहे हें समजावून देण्यास याहून सुरस उदाहरण मराठी लेखकास कोठें मिळणार? तें त्याच्याच प्रांतांत पडलेलें आहे, आणि आमच्या पुस्तकांत आफ्रिकेंतील जिराफाची मान अद्याप लांबतेच आहे.

रूप फसवितें व कुळी खरी, ही गोष्ट समजण्यास कठीण आहे असेंहि नाहीं. भामरागड-अहेरीकडील गोंडास ती सांगण्याचें कारणच पडत नाहीं. त्या समाजांत कुळांची वांटणी पुजावयाच्या देवांच्या संख्येवरून, चार, पांच, सहा व सात अशी चालत आली आहे. समान संख्येच्या देवांचीं कुळें तीं भाऊबंद. त्यांच्यांत सोयरीक होत नाहीं, मग माणसें दिसण्यांत कितीहि भिन्न असोत व गांवें कितीहि दूर असोत. आडनांवांत झाडांचीं नांवें आहेत; टेकामांत साग आहे, मरकामांत आंबा आहे. गोत्र व कुलदैवत विचारून सोयरीक जुळविणाऱ्या मध्यमवर्गीय मराठी घरांतहि हा विचार अपरिचित नाहीं. डार्विननें १८५९ सालीं जें प्रतिपादन केलें त्याचा वर्गीकरणापुरता गाभा हाच होता कीं, खरें वर्गीकरण वंशावळीचें असतें. आमच्या शास्त्रलेखकांनीं ‘कुल’ हा शब्द उचलला, पण त्या शब्दांत दडलेली ही आयती समजूत उचलली नाहीं.

परिभाषेची हेळसांड तर याहून मोठी आहे. मराठी पाठ्यपुस्तकांत ‘जाति’ हा शेवटचा, लहान गट, व अनेक जाति मिळून होते ती ‘प्रजाति’. हिंदीचें वळण निराळें आहे. तेथें लहान गटासच सर्रास प्रजाति म्हणतात. त्या वळणानें आमचीं वृत्तपत्रें, माहितीफलक आणि आतां ग्रंथहि ‘पक्ष्यांच्या अमुक इतक्या प्रजाति’ असें बेधडक लिहूं लागले आहेत. याचा परिणाम असा कीं मुलगा शाळेंत एक शिकतो व अभयारण्याच्या दारावर दुसरें वाचतो. वाघ, बिबट्या व सिंह हे एकाच प्रजातींतले, पण तीन निराळ्या जातींचे. खेड्यांतला माणूस बिबट्यासहि वाघच म्हणतो, तेव्हां तो नकळत प्रजातीचें नांव घेत असतो. हा सुंदर मुद्दा शब्दांच्या गोंधळांत हरवतो. ‘जाति’ या शब्दाचा सामाजिक वास नको म्हणून कांहीं लोक तो टाळतात, असें ऐकिवांत आहे. आम्हांस ही भीति अनाठायीं वाटते. ज्यांच्यांत बेटीव्यवहार होऊन पुढें वंश चालतो ती एक जाति, या शास्त्रीय व्याख्येनें पाहिलें तर सर्व माणसांची जाति एकच ठरते. या शब्दाचा इतका चांगला उपयोग दुसरीकडे क्वचितच होत असेल. तसाच ‘मांसाहारी गण’ हा प्रयोग. ताडोबांतील अस्वल वाळवी शोषतें, मोहाचीं फुलें व फळें खातें. वाळवी ओढतां यावी म्हणून त्याच्या वरच्या जबड्यांतील मधले दोन दांत मुळीं नसतातच. तरीहि तें या गणांत आहे, कारण गण पूर्वजांवरून ठरला आहे, ताटांतल्या पदार्थावरून ठरलेला नाहीं. मूळ लॅटिन नांवांत हाच दोष आहे हें खरें. पण दोषाचें भाषांतर करतांना खालीं एक वाक्य जोडण्यास कोणाची मनाई होती?

नांवाचा गोंधळ नुसत्या परीक्षेच्या गुणांवर थांबत नाहीं, याचें एक उदाहरण गडचिरोलींतीलच आहे. ताडोबांत मार्गदर्शक ज्यास बायसन म्हणून दाखवितात तो रानगवा; खरे बायसन अमेरिकेंत व युरोपांत असतात. गवा हा गाईच्या प्रजातींतला आहे. मराठींत त्यास ‘गवारेडा’ असेंहि म्हणण्याचा प्रघात आहे, आणि हा जोडशब्द दोन प्रजातींचा काला करतो; कारण रेडा हा म्हशीच्या प्रजातींतला. खरी रानम्हैस महाराष्ट्रांत उरली आहे ती गडचिरोलीच्या दक्षिणेस, कोलामार्क्याच्या जंगलांत. त्या सुमारे १८० चौरस किलोमीटर क्षेत्रास २०१३ सालीं केवळ तिच्यासाठीं संरक्षण देण्यांत आलें. गव्याच्या पाठीवर उंच कणा असतो व त्याचीं शिंगें वर वळतात. रानम्हशीचीं तिकोनी, लांबलचक शिंगें मागें झुकतात. ज्यास हा भेद ठाऊक नाहीं त्यास महाराष्ट्रांत गवे पुष्कळ असतां कोलामार्क्यावर एवढा खटाटोप कशासाठीं, असें वाटणें साहजिक आहे.

या मूठभर रानम्हशींस शिकाऱ्याइतकेंच भय गांवच्या म्हशींचें आहे. दोहोंचा संकर सहज होतो, आणि चार-दोन पिढ्यांत रानटी रक्त पाळीव रक्तांत विरून जाऊं शकतें. मग त्या कळपास काय म्हणावयाचें? हा प्रश्न नुसता शब्दांचा नाहीं, हें शास्त्रज्ञांनींहि ओळखलें. पाळीव प्राण्यांस नांवें आधीं मिळालीं व त्यांच्या रानटी पूर्वजांस मागाहून, त्यामुळें कोणतें नांव चालवावें हा पेंच अनेक प्राण्यांच्या बाबतींत होता. २००३ सालीं प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय आयोगानें रानटी जातींचीं स्वतंत्र नांवें कायम राखण्याचा निर्णय दिला, व त्यांत रानम्हशीचेंहि नांव होतें. कोलामार्क्याच्या या कळपाची कुळी, गव्याशीं असलेलें त्याचें अंतर आणि गांवच्या म्हशीशीं असलेली त्याची धोक्याची जवळीक, एवढ्या विषयावर कोणी जाणत्यानें साध्या मराठींत दहा-बारा पानें लिहून धाडलीं, तर तीं या मासिकांत छापण्यास आम्ही उत्सुक आहों.